घाई न करता निवडलेलं इंटरनेट

२ फेब्रुवारी
आज ठरवलं. घरच्या इंटरनेटचा प्रश्न मी स्वतःच्या हातात घेणार.

सकाळी ही ऑनलाइन शिवणाचा क्लास घेत होती, तो ऐन रंगात असताना नेट गेलं. पुन्हा. ही कात्री उचलून लॅपटॉपसमोर ताटकळत उभी, पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. हिने माझ्याकडे बघितलं. आयुष्य कारखान्याच्या पर्चेस खात्यात काढलेल्या माणसाकडे असं बघायचं नसतं.

म्हटलं, घाई नको, मी अभ्यास करतो. ही म्हणाली, "अभ्यास नको, नेट हवंय."

अपेक्षित प्रतिक्रिया. पर्चेसबाहेरची माणसं अशीच बोलतात.

संकल्प : भरवशाचं आणि स्वस्त. दोन्ही. आठवड्याच्या आत.

३ फेब्रुवारी
काम सुरू. एक्सेलमध्ये तक्ता केला. कंपन्या उभ्या, मुद्दे आडवे. रंग दिले. हिरवा फार उठून दिसतो. कंपन्यांची नावं भरायची राहिलीत.

संध्याकाळी मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात नोकरी करते आणि तिथून मला सल्ले देते. म्हणे, बाबा, आईला काय हवंय ते आधी आईला विचारा. मी सांगितलं, वापरणाऱ्यांना विचारून खरेदी केली असती तर कारखान्यात प्रत्येकाला गुबगुबीत खुर्ची द्यावी लागली असती. मग म्हणाली, मीच इथून चांगल्या कंपनीचं कनेक्शन बुक करून टाकते. साफ नाही म्हटलं. बाप अजून धडधाकट आहे.

कारखान्याने मला मुदतीआधी मोकळं केलं ते माझ्या अनुभवाचा मान राखून. घरात हे कोणाच्या लक्षात राहत नाही.

५ फेब्रुवारी
मोठ्या फायबर कंपनीला फोन. बाई गोड बोलतात. स्पीड काय म्हणून विचारलं तर म्हणे शंभरपर्यंत. हा 'पर्यंत' मी तिथल्या तिथे पकडला. म्हटलं, बाई, शून्यसुद्धा शंभरपर्यंतच येतं ना? त्यांनी फोन ठेवला. पुरती कोंडी केली त्यांची.

त्यांचा प्लॅन आणि गल्लीतल्या केबलवाल्याचा प्लॅन यांत महिन्याला एका केसकापणीचा फरक आहे. लोक अशा फरकाकडे कानाडोळा करतात. मी करत नाही. हिला हे समजावलं. ही म्हणाली, तुमचे केस उरलेत किती.

विषय सोडून बोलायची सवय.

७ फेब्रुवारी, सकाळी
आपण उठून जाऊ शकतो हे समोरच्याला दिसलं की तो नरम येतो. जुन्या कंपनीला फोन करून ठणकावलं, कनेक्शन बंद करा. आता धावत ऑफर घेऊन येतील.

दुपारी
बंद केलं. लगेच! इतकी वर्षं तक्रार केली की फिरकायचे नाहीत. आज अंगात वारं शिरलं.

हिला म्हटलं, हा डावपेच आहे.

ही म्हणाली, "कोणाविरुद्ध?"

८ फेब्रुवारी
ऑफर नाही. वरच्या लेव्हलला विचार चालू असणार.

ही फोनच्या डेटावर क्लास घेते. कपाटाच्या कडीला फोन टांगून खाली टेबलावर कापड. कॉलर लावता लावता डेटा संपला. नंतर बराच वेळ ही एकेका विद्यार्थिनीला फोन करून तोंडी कॉलर समजावत होती. हे पाहून मला बरं वाटलं. माणसाने साधनांच्या आहारी जाऊ नये.

१० फेब्रुवारी
वरच्या मजल्यावर एक डेंटिस्ट राहतात. जिन्यात भेटले. म्हणाले, काका, काकूंच्या क्लासची अडचण कळली, तुमचं होईपर्यंत आमचं वायफाय वापरा, पासवर्ड देतो. मी हसून टाळलं. दात उपटणाऱ्यांच्या दयेवर आमचं घर चालत नाही. असं म्हणालो नाही अर्थात. मनात म्हटलं.

तक्त्यात आज दोन नावं भरली. प्रगती.

१३ फेब्रुवारी
हिचा क्लास सलग तीन दिवस विनातक्रार चालला. संशय आलाच. हिच्या लॅपटॉपवर पाहिलं तर डेंटिस्टचं वायफाय. म्हणजे हिने परस्पर पासवर्ड घेतला. माझ्या नाकावर टिच्चून.

आरडाओरडा केला नाही. तो माझा स्वभाव नाही. सरळ वर गेलो. डेंटिस्टना नेटवर्क सिक्युरिटीबद्दल चार गोष्टी सांगितल्या. बाहेरचं मशीन आत आलं की पेशंटांची माहिती बाहेर जाऊ शकते, उद्या अंगाशी आलं तर मी जबाबदार नाही वगैरे. बिचारे गोंधळले. "काका, तुम्हीच म्हणताय तर…" म्हणाले आणि माझ्यासमोर पासवर्ड बदलला.

हिला सांगितलं नाही. संध्याकाळी क्लास बंद पडला तेव्हा ही म्हणाली, डॉक्टरांचंही नेट गेलं वाटतं. मी म्हटलं, म्हणून तर मी अभ्यास करतोय.

१५ फेब्रुवारी
निर्णय! केबलवाला.

कारणं तक्त्यात आहेत. मुख्य कारण, तो मला 'साहेब' म्हणतो. फायबरवाल्या बाई 'सर' म्हणत होत्या, पण त्यात जीव नव्हता.

तो बसला असताना ही आतून आली आणि विचारलं, अपलोड किती मिळेल? मला चित्र बघायचं नाही, पाठवायचंय. केबलवाला डोकं खाजवायला लागला. मी हिला हळूच म्हटलं, टेक्निकल गोष्टी माझ्यावर सोड. स्पीड म्हणजे स्पीड. नळाला पाणी आलं की ते येतं, जातं, सगळं करतं.

ही म्हणाली, "नळातून पाणी परत जात नाही."

केबलवाल्यासमोर असं बोलायची गरज नव्हती.

१८ फेब्रुवारी
कनेक्शन लागलं. तार खिडकीतून घेतल्यामुळे खिडकी आता पूर्ण बंद होत नाही. हवा खेळती राहील.

दुपारभर एक जुना सिनेमा पाहिला. एकदाही अडकला नाही. मुलीला फोन करून सांगितलं. तिने विचारलं, आणि आईचा क्लास? म्हटलं, चालेल की. ती म्हणाली, चालतोय की चालेल? मुलीला वकील करायला हवं होतं.

२१ फेब्रुवारी
आज एक किरकोळ प्रकार झाला.

हिच्या क्लासमध्ये एक बाई आहे. तिची आई मागच्या वर्षी गेली. त्या आईच्या लोकरी शालीतून तिला स्वतःसाठी छोटा कोट शिवायचा होता. हिने तिच्यासोबत ऑनलाइन बसून कागदावर मापं काढली, कागदाचा कोट आधी करून पाहिला, जुन्या चादरीचा केला, आणि आज खरी शाल तिच्या टेबलावर आली. ही सांगत होती, "मधल्या रेघेवर कापू नका." आमच्याकडून आवाज अर्धाच गेला. 'नका' पोचलं नाही. चित्र अडकलं होतं, त्यामुळे ही दोन्ही हात हलवून थांबा थांबा म्हणत होती तेही तिकडे दिसलं नाही. तिकडचं मात्र इकडे स्वच्छ दिसत होतं. येणारा स्पीड उत्तम आहे. शाल मधोमध कापली जाताना आम्ही दोघांनी पाहिली.

ती बाई रडली नाही. दोन तुकडे हातात धरून नुसती बसून राहिली. हिने कॅमेरा बंद केला आणि ओढणीने तोंड झाकून घेतलं.

मी म्हटलं, शाल जुनीच होती.

संध्याकाळी केबलवाल्याला फोन केला. म्हणाला, साहेब, अपलोड या प्लॅनमध्ये कमीच असतं, सगळ्यांना माहीत असतं. हे त्याने आधी सांगायला हवं होतं. हल्ली प्रामाणिकपणा राहिलेला नाही.

२२ फेब्रुवारी
डेंटिस्टने पचकायचं ते पचकलं. ही जिन्यात भेटली तेव्हा म्हणे माफी मागितली. काकू, मला तुमचा क्लास बंद पाडायचा नव्हता, पण काका येऊन सांगून गेले. माणसाला पोटात गोष्ट ठेवता येऊ नये म्हणजे काय!

ही वर आली. चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच उभी राहून म्हणाली, "मला एकच सांगा. माझा क्लास चालावा असं तुम्हाला वाटत होतं का?"

मी म्हटलं, प्रश्न वाटण्याचा नाही, स्पेसिफिकेशनचा आहे.

ही मान हलवत आत गेली. पटलं असावं.

२३ फेब्रुवारी
पटलं नव्हतं.

सकाळी दाराशी टेम्पो. हिचं शिलाई मशीन, कापडाचे गठ्ठे, तो डोकं नसलेला पुतळा, सगळं खाली गेलं. हिची शाळेपासूनची मैत्रीण मोठ्या बाजारात बटणांचं दुकान चालवते. तिच्या दुकानामागे खोली आहे, तिथे नेट आहे. ही आता क्लास तिथून घेणार. बटणवालीने कनेक्शन कसं निवडलं, असं मी हिला विचारलं. ही म्हणाली, शेजारच्या दुकानात विचारलं आणि घेतलं.

ना तक्ता, ना काही. अशा माणसांना चांगलं नेट लागतं हा निव्वळ योगायोग.

टेम्पोवाल्याला मशीन उचलताना मीही हात लावला. कोणी म्हणू नये मदत केली नाही.

२८ फेब्रुवारी
ही सकाळी जाते, संध्याकाळी येते. जेवण वेळेवर मिळतं, पण गप्पांमध्ये पूर्वीची मजा नाही. मी अपलोड-डाउनलोड विषयावर बरंच वाचलंय, सांगायला गेलो तर ही भांडी घासायला उठली. नळ मोठा सोडला होता.

५ मार्च
ही आज तिथेच राहिली. फोनवर म्हणाली, उशीर झालाय, बटणवालीकडे झोपते. योग्यच. दगदग कशाला.

९ मार्च
अजून तिथेच. ट्रॅफिक फार असतो तिकडे.

मुलीशी बोललो. म्हटलं, आईचा मुक्काम जरा लांबलाय. मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही तिला परत ये म्हटलंत का? मी म्हटलं, येऊ नको असं तरी कुठे म्हटलंय? ती म्हणाली, ते नव्हे. मीटिंग आहे म्हणून फोन ठेवला. रविवारी मीटिंग. कंपन्या पोरांना पिळून काढतात.

१२ मार्च
मी बाहेर केस कापायला गेलो होतो, तेवढ्यात ही येऊन गेली. कपाटाची हिची बाजू रिकामी. हँगर तेवढे राहिलेत. दार उघडलं की एकमेकांवर आपटतात.

उन्हाळा आलाय, कपडे लागणारच.

ही जाते ती एकाच कारणाने : नेट. मूळ कारण दूर केलं की परिणाम आपोआप दूर होतो. कारखान्यात हे मी सगळ्यांना शिकवायचो.

संकल्प : सगळ्यात उत्तम कनेक्शन. किमतीकडे बघायचं नाही.

१३ मार्च
फायबर कंपनीला फोन. पुन्हा त्याच गोड बाई निघाल्या. ओळखलं नाही त्यांनी, किंवा ओळखून दाखवलं नाही. सगळ्यात वरचा प्लॅन घेतला. अपलोड विचारलं. जेवढं येणारं तेवढंच जाणारं, म्हणाल्या. वर्षभराचे पैसे आगाऊ भरले. घासाघीस केली नाही. त्या तीनदा म्हणाल्या, नक्की ना सर? आवाजात आदर होता.

१७ मार्च, दुपारी
फायबर लागलं! भिंतीला नीट भोक पाडून, तार पट्टीत घालून, स्वच्छ काम. खिडकी पुन्हा पूर्ण बंद होते. तार लावणाऱ्या माणसाने विचारलं, घरात किती जण वापरणार? दोघं, म्हटलं.

टेस्ट केली. येणारा स्पीड पूर्ण, जाणाराही पूर्ण. अभ्यासाचं चीज झालं. हिचं टेबल पुसलं. वर पडलेले दोरे उचलले. दिवा जरा डावीकडे सरकवला, कापडावर सावली पडायची अशी हिची तक्रार असायची.

आता व्हिडिओ कॉल करतो. सांगत बसायचं नाही. थेट दाखवायचं.

१७ मार्च, संध्याकाळी
हिने लगेच उचलला. चित्र इतकं स्पष्ट, की मागच्या फळीवरच्या बटणांचे रंग मोजून घ्यावेत. टेबलावर ती शाल होती, त्या बाईने पाठवून दिली असावी. मधोमध जोडलेली, जोडावर काळी पट्टी लावून. कोटच झाला होता तिचा. ही त्याला काज करत होती. चष्मा नवीन दिसला.

मी घरभर फोन फिरवून दाखवला. बॉक्स, तार, टेबल, दिवा. म्हटलं, आता इथूनच क्लास घे, अपलोडसुद्धा पूर्ण आहे, तू म्हणत होतीस तेच.

हिने सुई खाली ठेवली. म्हणाली, "चांगलं केलंत. पण मी आता परत येणार नाही."

मी म्हटलं, हॅलो?

"मी इथेच राहणार आहे. नेटचा प्रश्न नाही हा."

हॅलो, म्हटलं, आवाज तुटतोय.

हिने पुन्हा सांगितलं. सावकाश. शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. मी फोन कानाशी धरला, हलवला, खिडकीपाशी गेलो. म्हटलं, काहीच ऐकू येत नाहीये, कंपनीत तक्रार करावी लागणार, हे लोक पैसे घेतात आणि…

ही माझ्याकडे बघत राहिली. क्षणभर वाटलं, चित्र अडकलं. पण हिच्या मागे पंखा फिरत होता.

मग हिने फोन ठेवला आणि मेसेज केला. एकच ओळ.

'तुम्हाला ऐकू आलंय.'

पाठवता क्षणी पोचला. स्पीडबद्दल तक्रार नाही.