ओसाकाच्या किल्ल्यावरचा निळा कोट

ब्राउनश्वाइग, जर्मनी, रविवार

प्रिय आई,

ओसाकाचे तुझे सगळे फोटो फॅमिली ग्रुपवर पाहिले. किल्ला, मत्स्यालय, दिव्यांनी झगमगणारं दोतोनबोरी, आणि तिथल्या पळणाऱ्या माणसाच्या पाटीखाली त्याच्यासारखेच दोन्ही हात वर करून उभे असलेले बाबा. पुण्याच्या टूरवाल्यांनी नाश्त्याला पोहेसुद्धा दिले म्हणे. मजा आहे बाई तुमची!

मी कधीपासून तुम्हाला इकडे बोलावतेय. तर म्हणे थंडी सोसत नाही, गुडघे दुखतात. आणि आता किल्ल्याच्या पार वरच्या मजल्यावर हसत उभी आहेस! उगाच गुडघ्यांना कशाला मध्ये घालतेस? मी आणि लुकास लग्न न करता एकत्र राहतो, दारावरच्या बेलवर बापट आणि वेबर अशी दोन आडनावं आहेत, हेच खरं ना? तो बिचारा तुमच्यासाठी वरणभात शिकून बसलाय.

खरं तर भांडायलाच लिहायला बसले होते. मग किल्ल्यावरचा फोटो मोठा करून पाहिला. तुझ्या अंगात निळा कोट आहे. इकडे येशील तेव्हा लागेल म्हणून मी पाठवलेला. बाह्या लांब होतील असं वाटलं होतं, पण अगदी बरोबर बसलाय.

खाली मावशीनं विचारलंय, "कोट कुठून घेतलास गं?"

तू लिहिलंयस, "घरचाच आहे."

मी त्यावर नुसता अंगठा पाठवला. हे पत्र काही पाठवणार नाही. पण आई, कुठल्या घरचा गं?

तुझीच,
उर्जा