पंधरा लिटरची बादली

निफाड,
१८ ऑगस्ट २००२

चि. मीना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गंगापूर रोडच्या शाळेत तुझा सराव पाठ आहे आणि वाट्याला नेमकं 'गुणोत्तर आणि प्रमाण' आलंय, हे वाचून हसू आलं. मी बरा आहे. गुडघे कुरकुरतात, वह्या तपासून डोळे चुरचुरतात. निवृत्तीला दोन वर्षं उरलीत, ती सरता सरत नाहीत.

मुलं कुठे चुकतात, असं विचारलंस. दहा लिटर पाण्याला दोन चमचे औषध, तर पंधरा लिटरला किती? निम्मा वर्ग सात सांगतो. पाणी पाचाने वाढलं, मग औषधही पाचाने वाढवायचं! ओरडू नकोस त्यांना. पाणी दीडपट तर औषधही दीडपट, म्हणजे तीन चमचे, एवढंच पुन्हा पुन्हा दाखव.

हे उदाहरण पुस्तकातलं नाही, मीना.

तू तेव्हा माझ्याकडे सातवीत होतीस. तुझी आई भागुबाई हरसूलच्या बायकांची टोळी घेऊन आमच्या मळ्यात द्राक्षांचे घड औषधात बुडवायला आली होती. त्या दिवशी दहाची बादली फुटली म्हणून पंधराची आणली. औषध मी कालवायचो. अंगात ताप होता, पण ती सबब झाली. मी सात चमचे टाकले. भागुबाई म्हणाली, "मास्तर, पानी दीडपट झालं, तर औषध बी दीडपटच नाय का? सात लय व्हत्यात." चार बायकांसमोर ते मला झोंबलं. म्हणालो, "आता तू मला गणित शिकवणार?"

आठवड्याभरात मणी गळायला लागले. माझ्या धाकट्या भावाने, मनोजने, विचारलं, "औषध कुणी कालवलं?" मी गप्प. त्याने तुझ्या आईकडे बोट दाखवलं, तरी मी गप्प. ती मास्तर सांगतील म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी टोळी हरसूलला परत गेली, आईबरोबर तूही गेलीस. हजेरीपटातलं तुझं नाव मी माझ्या हाताने खोडलं. नंतर निफाडात तिला कुणी कामाला बोलावलं नाही, हेही मला माहीत होतं.

परवा मनोजला खरं सांगितलं. तो हसला. "दादा, जुनं कशाला उकरतोस? त्या बाईला काय आठवतंय आता!" फार थकून गेलो गं त्या हसण्याने. तिला आठवत असणार. तिने तुला कधी सांगितलं नाही, एवढंच. नाहीतर तू मला 'आदरणीय' लिहिलं नसतंस.

हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. टोळीतल्या बायका असतील तर त्यांच्यासमोर वाच. ती ये म्हणाली तर बाजारच्या दिवशी हरसूलला येईन आणि हेच तोंडाने सांगेन. नको म्हणाली तर तेही मला कळव.

पाठाची काळजी करू नकोस. कुठे अडलीस तर मला नको, तिला विचार.

तिचं ऐकायचं राहून गेलेला,
सावळीराम