फळधारणा

४ फेब्रुवारी
आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! मला फक्त नोकरी हवी होती; इथे काचघराला लागून दोन खोल्याही मिळाल्या. ह्यांना बॉयलरवर घेतलंय, त्यामुळे स्वारी खूश आहे. बियाण्यासाठी वाढवलेली झाडं माझ्या कमरेएवढी, फुलं पांढरी. कामावर देखरेख करणाऱ्या मोठ्या बाईंनी शिकवलं: कळीतले पुंकेसर आदल्या दिवशी चिमट्याने खुडायचे, सकाळी दुसऱ्या रांगेतले परागकण कुंचल्याने फुलाच्या मधल्या ओलसर टोकावर टेकवायचे, मग कागदी पिशवी बांधायची. तोंडावर फडकं हवंच, असं त्यांनी दोनदा बजावलं. शिंक आली तर पराग उडतील म्हणे.

१२ फेब्रुवारी
जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. आधी मी लाकडी खेळणी रंगवायचे, कुंचल्याला टोक काढायला तो ओठांत धरायचा. आज उकाड्याने फडकं खाली ओढलं आणि कुंचला जिभेवर कधी गेला, कळलंच नाही. चव गोड होती. मोठ्या बाईंनी पाहिलं. मला वाटलं आता बोलणी बसणार, पण त्यांनी माझी पाळी कधी येते ते विचारलं. बाई जरा आगाऊच आहेत!

२० फेब्रुवारी
घशात केस अडकल्यासारखं वाटतंय. मोठ्या बाईंनी आज भिंगातून दाखवलं: ओल्या टोकावर पडलेला परागकण रुजतो, त्यातून बारीक नळी फुटते आणि खाली उतरत बीजांड गाठते. मला ते फार वेळ बघवलं नाही.

१८ मार्च
मला दिवस गेलेत! आशा सोडून किती वर्षं झाली होती. ह्यांनी मला आनंदाने उचललं आणि मग स्वतःचीच कंबर धरून बसले. मोठ्या बाईंना सांगायच्या आधीच त्यांनी मला कामातून मोकळं केलं.

१० एप्रिल
डॉक्टरीणबाईंना पोटात ठोका ऐकू येईना. यंत्र बिघडलं असेल म्हणाल्या, पण माझ्याकडे बघेनात. पोट मात्र वाढतंय. खिडकीतून रांगा दिसतात. ही झाडं एकदाच फुलतात. फळं फुगतायत, पानं पिवळी पडून गळतायत, सगळं सत्त्व बियांना देऊन झाड वाळतंय. आणि उशीवर माझे केस झुपक्यांनी—

२ मे
पोट कडक. लाथ नाही. कूस बदलली की आत खुळखुळ. ह्यांना म्हटलं, हे मूल नाही, मला दुसऱ्या डॉक्टरकडे न्या, मला जगायचंय. इतक्या वर्षांनी कूस उजवलीय, अभद्र बोलू नकोस, म्हणाले.

९ मे
मोठ्या बाई आल्या. पोट बोटांनी वाजवून पाहिलं. दाराबाहेर त्या ह्यांना सांगत होत्या की असं फळ क्वचितच धरतं, आता पाणी तोडायचं, नाहीतर बी कुजेल. मला वाटलं हे भांडतील. बी पेरल्यावर मूल आपल्यासारखं दिसेल का, एवढंच ह्यांनी विचारलं.

११ मे
जीभ टाळूला— पाणी मागितलं. हे रडत होते. रडत रडतच भांडं उचलून बाहेर नेलं.

१३ की १४
बेंबीपासून उभी रेघ, तडकायला आलेल्या शेंगेवर असते तशी. बारीक. दुखत नाही, हेच—
ह्यांनी माझ्याखाली स्वच्छ चादर अंथरलीय. कडा नीट ओढून घेतल्या, एकही बी सांडायला नको म्हणून. हाक मारतेय. ते पोटाकडेच बघतायत. रेघ आता वर