न पिकलेला मोतीबिंदू

आबा,

तुमच्या डोळ्यांसाठी आज डॉक्टरांकडे चार वाजताचा नंबर लावलाय. मी कॉलेजातून साडेतीनला येते, तयार राहा. तोवर स्कूटरची चावी शोधू नका, ती माझ्याजवळ आहे. काल ओट्यावर चादर पांघरलेल्या कूलरला तुम्ही ‘या नाना, चहा घ्या’ म्हणालात, आणि तो बोलला नाही म्हणून रुसलात. कूलरची काही चूक नव्हती.

‘मोतीबिंदू अजून पिकेल नही शे’ हे कारण आता चालणार नाही. फार पिकला तर काढायला अवघड जातो, असं डॉक्टर म्हणाले. आणि चोपड्याच्या मळ्यात तुम्ही जन्मभर केळीचे घड हिरवेच कापलेत. झाडावर पिकू दिले तर वटवाघळं खातात, असं तुम्हीच सांगायचात. डोळ्याच्या बाबतीत तेवढी जोखीम नको.

तुमची नात,
भूमिका