आजोबांच्या पाण्याच्या गाडीचं काय करायचं

मी, खाली सही करणारा, वय बावीस, कॉलेज अर्ध्यात सोडलेला, पूर्ण शुद्धीत आणि चक्क रागात नसताना (हे क्वचित घडतं, आईला विचारा) माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. उद्या सकाळी सैन्याचा पाण्याचा टँकर घेऊन लढाईच्या भागात निघतोय. काही सांगता येत नाही.

१. आधी आजोबांबद्दल. त्यांनी युद्धात ठाणं जिंकलं, असं काका पाहुण्यांना सांगतात. साफ थाप. आजोबा पाण्याची गाडी चालवायचे. पाणी आणणाऱ्यानं सगळ्यांत शेवटी प्यायचं, हा त्यांच्या तुकडीचा नियम. घरीही तेच. आजी म्हणायची, "अहो, युद्ध संपलं, प्या आता!" हे विचारायचे, "तू प्यालीस का?"

"पाणी वाहणं म्हणजे काय लढाई?" असं म्हणून सरांनी वर्गात हशा पिकवला, तेव्हा मी बाक उलथवून बाहेर पडलो तो पडलोच. वाईट वाटतं ते फक्त बाकाचं.

२. आजोबांच्या फोटोखालचं 'रणवीर' काढून 'पाणीवाला' लिहावं. रंग काकांनी आणावा.

३. बँकेत आहे ते आईचं. माझे बूट धाकट्याला. त्याला होत नाहीत, पण भुणभुण तरी थांबेल.

४. युद्धानंतर आजोबांनी घेतलेली पाण्याची गाडी त्यांनी हयातीतच माझ्या नावावर केली. काका ती भंगारात घालायला टपलेत. त्यांना चावी दाखवूही नये. गाडी पंक्चरवाल्यांच्या मुलीला द्यावी. तिसरा गिअर फक्त तिचं ऐकतो. मीही. हे तिला तोंडानं सांगायला जमलं नाही, म्हणून तिलाच साक्षीदार केलंय. सही करायची तर वाचावं लागेल. उत्तर न कळता निघालो, तर माझ्या हातून टँकर सरळ जायचा नाही.

ठिकाण: आमच्या घराची ओसरी
दिनांक: निघण्याचा आदला दिवस
लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे शिंपीकाका: (सही) वाचलं. बाकाचं बरोबर केलंस.

साक्षीदार दुसरी: सही करणार नाही. साक्षीदाराला वाटा मिळत नाही म्हणतात. कागद घरी नेऊन बाबांना दाखवला. एवढं सांगायला मरणाची तयारी कशाला रे, गाढवा?

तिच्या जागी, तिचे वडील, पंक्चरवाले: (सही) गाडी माझ्या दुकानासमोर लावून जा, तुझे काका फिरकायचे नाहीत. सकाळी आमच्याकडे जेवल्याशिवाय निघायचं नाही. येताना आईलाही घेऊन ये, बोलायचंय.