नवमीचं दुसरं पान

गुरुवार, ४ सप्टेंबर

गल्लीतल्या मंडळानं आज गणपतीपुढं पडदा लावून सिनेमा दाखवला. आरतीनंतर लगेच होता म्हणून गेले, नाहीतर सिनेमाला मी कुठली जाते! प्रांजलनं हाताला धरून सतरंजीवर पार पुढं नेऊन बसवलं. नातीपुढं माझं काही चालत नाही.

लहान मुलांचा, रहस्याचा सिनेमा. पाचवीतली दोन वेण्यांची पोरगी गुप्तहेर. देवळातली घंटा चोरीला जाते. अख्खं गाव तिला रोज विचारतं — सापडली का, कुणी नेली, कधी नेली. एक किराणावाला तेवढा कधीच विचारत नाही. पोरगी त्यालाच धरते. म्हणते, "ज्याला माहीत असतं तो विचारत नाही." घंटा त्याच्या गुळाच्या ढेपेमागं निघाली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मलाही हसू आलं.

प्रांजल हसली नाही. टक लावून बघत होती. येताना म्हणाली, आज्जी मला कोरी वही पाहिजे. कोरी कशाला? मागच्या वर्षीच्या वह्यांतली उरलेली पानं दाभणानं शिवून दिली. मी तरी हिशेबाच्या वहीत मागच्या बाजूनंच लिहिते हे.

शुक्रवार, ५ सप्टेंबर

घरात पोलीस चौकी बसल्यासारखं झालंय.

केस नंबर एक — दुधावरची साय कोण खातं. मी मांजराला बोल लावत होते. रोहिदास निघाला! पाटसच्या कारखान्यात क्लार्क, पोरीचा बाप, आणि कामावर जाता जाता उभ्यानं साय खातो. केस नंबर दोन शेजारच्या कुशाबाईंची. त्यांचा शुक्रवारचा उपास, आणि पदराखाली भज्यांचा कागद. कुशाबाई म्हणाल्या, "माझ्याकडं नका धाडू हो हिला, मालक आधीच मला हसत्यात." रोहिदास किती दिवसांनी मोठ्यानं हसला.

मग कपाटातून एक फोटो काढून आणला तिनं. तीन वर्षांपूर्वीचा, शाळेच्या फॉर्मसाठी बापलेकीनं काढलेला. त्यात रोहिदासचं डोकं तुळतुळीत, मिशीही नाही. पप्पांनी टक्कल का केलं होतं? मी सांगितलं, जेजुरीचा नवस होता. कशाचा? ते काही मी विचारलं नव्हतं. चार दिवस घरी नव्हता, आला तो तसाच आला. पोराला देव आठवला, एवढ्यावरच मी खूश. देवापुढं नारळ फोडला होता.

तिनं लिहून घेतलं. केस नंबर तीन म्हणे.

रविवार, ७ सप्टेंबर

ग्रहण. दुपारपासून वेध. दुधात, पाण्याच्या कळशीत तुळस घातली. उद्यापासून पितरांचा पंधरवडा. जपाला बसले, पण दोनदा माळ चुकली.

गुरुवार, ११ सप्टेंबर

पंचमी. ह्यांचं पान. खीर, वडे, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. ह्यांना कारलं आवडायचं म्हणून दोन फोडी कारल्याच्या. पान पायरीपुढच्या कट्ट्यावर ठेवलं आणि मागं सरले तोवर कावळा शिवला. ह्यांना जेवायची घाई जिवंतपणीही असायचीच.

प्रांजल पायरीवर वही घेऊन बसली होती. आज आजोबांचं, मग पुढं कुणाचं? मी सांगितलं, नवमीला तुझ्या पणजीचं, साळूबाईंचं. त्या पणजोबांच्या आधी गेल्या. नवरा असताना जी बाई जाते तिचं नवमीला असतं. त्या दिवशी कुशाबाईंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलवायचं. मग अमावस्येला सगळ्यांचं — राहिलेल्यांचं, चुकलेल्यांचं.

तिनं सगळं लिहिलं. मग पेन्सिल दातात धरून भिंतीवरच्या फोटोकडं बघत राहिली. साधनाच्या फोटोकडं. तिच्या आईच्या.



शनिवार, १३ सप्टेंबर

आज विचारलंच. मी गवार मोडत होते. समोर येऊन बसली, चार शेंगा तिनंही मोडल्या.

"आज्जी, आई गेली तेव्हा पप्पा होते ना?"

"होते."

"मग आईचं पान नवमीला. तू तर कधीच वाढलं नाहीस. मी आठवून बघितलं. एकदाही नाही."

मी म्हणाले, तिच्या माहेरी करतात. तर म्हणते, लग्न झालेल्या बाईचं सासरी करतात, कुशाआज्जीला विचारून आले मी. एवढं बोलून शेंगांचे देठ गोळा करून केरात टाकले आणि अभ्यासाला गेली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

आता इथं तरी खरं लिहावं. साधना मेलेली नाही.

आम्ही पाबळला होतो तेव्हा. साधनाचा नर्सिंगचा कोर्स झालेला, शिरूरला एका दवाखान्यात नोकरी लागली. रात्रपाळी होती. मी म्हणाले, आपल्या घरातली सून रात्रीची बाहेर राहणार नाही. ती म्हणाली, राहणार. रोहिदास दोघींच्या मध्ये मान खाली घालून उभा. ती माहेरी भांडगावला गेली, तिथून नोकरी धरली. महिन्याभरानं पोरीला न्यायला आली. सकाळची वेळ, एकादशी. मी देवापुढं माळ ओढत होते. आतून कडी घातलेली. अडीच वर्षांची प्रांजल माझ्यामागं झोपलेली. साधना बाहेरून म्हणाली, "आई, नेत न्हाई. नुसतं बघू द्या." मी माळ थांबवली नाही. एकशेआठ पुरे केले. पुरे झाले तेव्हा बाहेर कुणी नव्हतं.

पुढच्याच महिन्यात दौंडला बिऱ्हाड केलं. इथं आम्हाला ओळखणारं कुणी नाही. पोरगी आई आई करायची. एक दिवस तोंडातून निघून गेलं, आई देवाघरी गेली. मग फोटो लावावा लागला. मग हार. तोंडानं सात-आठ वर्षं खोटं बोलले. पण पान कसं वाढू? जिवंत बाईच्या नावानं पाणी सोडलं तर तिचं आयुष्य तुटेल. तेवढं पाप ह्या हातानं झालं नाही. आणि तेवढंच पोरीनं बरोबर हेरलं.

रविवार, १४ सप्टेंबर

रोहिदासला सांगितलं. त्यानं चपला घालता घालता ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाढ की आई एक पान जास्तीचं. काय बिघडतंय?"

दोन-तीन वर्षं नवमी जवळ आली की हेच म्हणतो. आज मात्र मला राग आला. म्हणाले, जित्या बाईचं पान वाढू? आणि उद्या पोरीला खरं कळलं तर ती माझं तोंड बघेल का? तो चपलेचा पट्टा लावत राहिला. लावलेलाच पट्टा परत काढून लावला.

पोरगी ह्या घरातून मनानं गेली तर माझ्याकडं राहिलं काय?

सोमवार, १५ सप्टेंबर. नवमी

पहाटे उठून सोवळ्यात स्वयंपाक केला. सासूबाईंचं पान कट्ट्यावर ठेवलं. मग दुसरी पत्रावळ मांडली. हो, मांडली! रात्रभर ठरवलं होतं, वाढून टाकायचं. देव मला काय ते बघून घेईल. भात वाढला, वरण वाढलं, खीर वाढली. पानाभोवती फिरवायला हातात पाणी घेतलं आणि हात पुढं जाईना. पाणी कोपरापर्यंत ओघळलं.

प्रांजल शाळेच्या कपड्यात दारात उभी होती. वही हातात नव्हती. हळू आवाजात म्हणाली,

"नको फिरवू, आज्जी. ती आहे ना?"

मी मानेनंच हो म्हणाले.

"कुठंय?"

"शिरूरला."

तिनं वाढलेली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, सांडू न देता. आत नेली आणि गाईसाठी काढून ठेवली. मग दप्तर घेऊन शाळेत गेली. कुशाबाई जेवून गेल्या. खीर फार छान झाली म्हणाल्या. मी तोंडात घातली नाही.

संध्याकाळी रोहिदासला सांगितलं, पोरीला कळलं. तो खाली बसला. कसं कळलं, काय म्हणाली, काही विचारलं नाही. मग उठून नळाखाली जाऊन तोंड धुतलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

प्रांजलनं अंथरूण माझ्याशेजारून उचलून पप्पांच्या खोलीत नेलं. फोटोचा हार काढला. माझ्याशी बोलली नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

ती शाळेत असताना वही उघडली. चुकलं, पण उघडली. शेवटच्या पानावर —

"केस नंबर चार. काय हरवलं — आई. कोणी नेलं — आज्जी. कसं कळलं — पान वाढलं नाही." खाली एक ओळ खोडलेली, पण वाचता येते. "आज्जीला पण रडू येतं."

वही जागेवर ठेवली. माळ घेतली, तशीच खाली ठेवली.

शनिवार, २० सप्टेंबर

उद्या शिरूरला जायचं. पोरीनंच ठरवलं. आज सकाळी चार दिवसांनी पहिल्यांदा माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तूही चल. तू नाही आलीस तर ती घरी कशी येईल?" एवढीशी पोर, पण तिचं बरोबर होतं. मी म्हणाले, येते.

दशम्या केल्या. शेंगदाण्याची चटणी, साधनाला ती फार आवडायची, भाकरीऐवजी नुसती खायची. माझ्या पेटीतला हिरवा खण काढला. चौदा वर्षं पडून होता, घडीवर विरला नाही. नारळ, तांदूळ, हळकुंड. मी विधवा, ओटी मी भरायची नाही. प्रांजल म्हणाली मी भरीन, मला शिकव. पाटावर उशी ठेवून तिला शिकवलं. उशीची ओटी भरताना हसली. चार दिवसांनी हसली!

आई मला ओळखेल का, असं दहादा विचारलं. पाय धरावेत की नुसतं हात जोडावेत, ते माझं ठरत नाही. सून आहे. पण पायच धरीन.

रोहिदास कोपऱ्यात बसून आमच्याकडं बघत होता. कितीची गाडी, कुठला दवाखाना, ती भेटेल का — काही विचारलं नाही. मीच म्हणाले, सकाळची न्हावऱ्यावरून जाणारी गाडी धरू, दवाखान्यात चौकशी करू. तो हूं म्हणाला. पुरुषाला लाज वाटत असेल. मलाही वाटते.

रविवार, २१ सप्टेंबर. सर्वपित्री

शिरूरची गाडी लागली होती. प्रांजल चढून खिडकीपाशी बसली. रोहिदास खालीच. म्हणाला, "आई, उतरव तिला. तिथं कुणी न्हाई."

साधना तीन वर्षांपूर्वीच गेली, आषाढात. कावीळ. भांडगावला, माहेरी. भावाचा फोन आला, अग्नी रोहिदासनंच दिला.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुझ्या घरात ती कवाच मेली होती. परत काय सांगू?"

प्रांजलनं खिडकीतून ऐकलं. आपणच उतरली. "म्हणून टक्कल होतं," एवढंच म्हणाली.

घरी येऊन पान वाढलं. दशमी, शेंगदाण्याची चटणी. पोरीनं ओटी भरून पानाशेजारी ठेवली. पाणी तिनंच फिरवलं. कावळा येतो, बघतो, शिवत नाही. अशा वेळी गेलेल्या माणसाला काहीतरी कबूल करावं लागतं. पोरगी माझ्याकडं बघत होती.

मी उठून दोन्ही कवाडं मागं लोटली आणि म्हणाले, साधना, ये. दार उघडं हाय.