पाठीवरची डबी

३ मार्च
नोकरी लागली, तीही दोघींना! धाकट्या बहिणीला मीच ओढून आणलं. प्रयोगशाळा चकचकीत, खोली ऐसपैस, गरम पाणी चोवीस तास. गोचिडाच्या पोटातच बिघाड करून त्याला मारणारी लस डॉक्टरीणबाईंनी बनवली आहे. गोचीड मेला की त्याच्यासोबत येणारा तापही टळला. आम्हाला एकेक सुई टोचायची, तीन आठवड्यांनी पाठीवर गोचिडांची डबी चिकटवायची. एकीला लस, एकीला नुसतं पाणी. कुणाला काय, ते आम्हाला सांगत नाहीत. गोचीड निरोगी आहेत म्हणे.

४ मार्च
बाई चहाला गेल्या, वही टेबलावर उघडीच. नाक खुपसायची माझी जुनी खोड. निळी बाटली लसीची, लाल पाण्याची. खाली बारीक अक्षरात: गोचीड तापाचे, पाचव्या दिवसाच्या आत चिमट्याने काढले तरच जीव वाचतो. धाकटीला सांगितलं असतं तर निळीसाठी हटून बसली असती. लहानपणापासून चांगलं ते तिलाच मिळालंय. बाटल्यांचा ट्रे मीच आणला. निळी मी घेतली. वाईट वाटलं, नाही असं नाही. जेवले मात्र पोटभर.

२५ मार्च
डब्या चिकटवल्या, पाठीच्या मधोमध, जिथे आपला हात पोहोचत नाही. रोज एकमेकींची डबी उघडून, खोलीतल्या एकुलत्या चिमट्याने गोचीड तपासून काचेपलीकडच्या बाईंना सांगायचं. दार बाहेरून बंद. धाकटी गुणगुणतेय. मी तिच्याकडे बघत नाही.

२८ मार्च
धाकटीचे सहाही गोचीड मेलेले. दोनदा मोजले. माझे कसे आहेत, विचारलं. वाटाण्याएवढे झालेत म्हणाली.

२९ मार्च, सकाळ
काच बडवली. बाई माइकवरून शांतपणे बोलल्या. नवी येणारी प्रत्येक जण वही बघते, म्हणून बाई वहीत बाटल्यांचे रंग मुद्दाम उलटे लिहितात. ताप खरा आहे. आज काढले नाहीत तर — धाकटीने सगळं ऐकलं. निळी कुणी निवडली, तेही.

भिंतीवर पाठ घासली. डबी हलत नाही —

दुपार
तिच्या पाया पडले. चिमटा तिच्याच हातात. तिने माझ्या डबीचं झाकण उघडलं, बराच वेळ बघत राहिली. मग काचेकडे वळून म्हणाली, "राहू देत. अजून पोटं भरली नाहीत त्यांची."

झाकण लावलं. मी म्हटलं, अगं, मी तुझी सख्खी — ती केस विंचरतेय — मला पाठीवर, डबीखाली, ताप चढल्यासारखं काहीतरी गरम